पेटीवर उभं राहायची पाळी

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुपरवायझरला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे सावधानराव. सकाळी फाटकातून आत आल्यापासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत ते कोणाला ना कोणाला सावध करत असत. यंत्राजवळ लोंबत्या बाह्या नकोत, पात्याजवळ गप्पा नकोत, आणि चाकाच्या खुर्चीवर चढणं तर मुळीच नको.

त्यांनी एक रीतही घालून दिली होती. कामावर कोणाला इजा झाली, की दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी त्या माणसाने पालथ्या लाकडी पेटीवर उभं राहायचं आणि आपलं काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग सावधानराव त्यावर बोलत. ते बोलणं कधीकधी पहिल्या चहापर्यंत लांबे. ही रीत सुरू झाल्यापासून इजा होणं जवळजवळ थांबलं होतं. मालक ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत.

मंगळवारी दुपारी, सगळे चहाला गेले असताना, सावधानराव चाकाच्या खुर्चीवर चढले.

कारण क्षुल्लक होतं. ‘घाई नको, हात सांभाळा’ ही त्यांनीच रंगवलेली पाटी एका बाजूला कलली होती. सकाळपासून ती त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. शिडी गोदामात होती, गोदामाची किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन चहाला गेला होता. खुर्ची समोरच होती. त्यांनी पाटीचं टोक धरलं, तशी खुर्ची मागच्या मागे निघाली आणि सावधानराव उजव्या मनगटावर आपटले.

आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी दिसलं नाही. मग डाव्या हाताने खुर्ची टेबलाखाली ढकलली. तिचं एक चाक निखळून गठ्ठ्यांच्या बाजूला घरंगळलं होतं, पण ते शोधायला वेळ नव्हता. उरलेला दिवस त्यांनी हात खिशात घालून काढला. त्या दिवशी त्यांनी कोणालाच टोकलं नाही.

घरी दार उघडताच बायकोने हात पाहिला. फाटकाशी पाय घसरला, असं त्यांनी तिला सांगितलं. तासाभराने डॉक्टरांना मात्र सांगितलं की घरच्या बाथरूममध्ये पडलो. फाटक म्हणजे कारखान्याच्या फारच जवळ, असा त्यांचा हिशेब होता. बायकोने दोन्ही उत्तरं ऐकली आणि दवाखान्यात हा विषय काढला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, आधी हाड बसू दे, मग तुमचं बघते.

हाड सरकलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की ऑपरेशन करून आत पट्टी आणि स्क्रू बसवावेत. नुसत्या प्लॅस्टरवर भागवलं तर हाड जुळेल, पण वाकडं, आणि मूठ पूर्वीसारखी फिरणार नाही. ठरवायला चारपाच दिवस होते, त्यापुढे हाड चुकीचं धरू लागलं असतं. ऑपरेशनचा खर्च ऐकून सावधानराव म्हणाले की प्लॅस्टर चांगलं असतं, त्यांच्या मामांचं प्लॅस्टरवरच भागलं होतं. मामांचा पाय मोडला होता, हे बायकोने डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूममध्ये पडलो म्हणून रजा कळवली, तसा कचेरीतल्या बाईंचा फोन आला. विम्याचं काम त्या बघत. त्यांनी दोनदा विचारलं, घरीच पडलात ना, नक्की? कामावर झालं असेल तर दवाखान्याचा खर्च विम्यातून मिळतो आणि घरी बसावं लागेल तेवढ्या दिवसांच्या पगाराचा बराचसा भागही मिळतो. मात्र ते लगेच कळवावं लागतं. घरी झालं असेल तर त्यांच्या हातात काही नाही. सावधानरावांनी दोन्ही वेळा घरीच, बाथरूममध्ये, म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ फरशा बसवायचं काम करी आणि घरच्या बाथरूमची फरशी त्यानेच महिन्याभरापूर्वी घातली होती. कारखान्याच्या मोऱ्यांचं कामही त्याला मिळायचं ठरलं होतं. त्या दिवशी कचेरीतून बाथरूमची बातमी कळताच मालकांनी त्याला बोलावून ते थांबवलं. ज्याच्या फरशीवर घरचा माणूस पडतो, त्याला माझ्या कारखान्यात कसा आणू, असं ते म्हणाले होते.

मेहुण्याने वाद घातला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, त्यावर साबणाचा फेस केला आणि अनवाणी येरझाऱ्या घालू लागला. मग एका पायावर उभा राहिला. मग उडी मारली. शेजारीण डोकावली, तर तिलाही आत बोलावलं. तीही दोन फेऱ्या मारून गेली आणि फरशी छान धरते म्हणाली.

“भावजी,” तो आतूनच म्हणाला, “तुम्ही नेमके कुठे पडलात ते दाखवा. मी तासभर प्रयत्न करतोय, मला पडता येत नाहीये.”

सावधानरावांनी आढ्याकडे पाहिलं. बायकोने पदर खोचला आणि समोर येऊन बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं: पाटी, शिडी, वॉचमनचा चहा. खुर्चीपाशी ते अडखळले. कसली खुर्ची, असं तिने विचारलं. चाकाची, असं ते इतक्या हळू म्हणाले की मेहुण्याने बाथरूममधून पुन्हा विचारलं.

ती आधी पोट धरून हसली. मग मुद्द्यावर आली. उद्याच जाऊन खरं सांगायचं. ते म्हणाले, ते जमणार नाही. पेटीवर उभं राहावं लागेल. चाळीस माणसांसमोर नाक कापलं जाईल. त्यापेक्षा हात थोडा वाकडा राहिला तर राहू दे.

“पाटी वाकडी चालत नाही, आणि हात वाकडा चालतो?” ती म्हणाली. “हात मोडलाय, तो आधी जोडून घेऊ. नाक कापलं गेलंच, तर तेही विम्यात बसतं का, बाईंना विचारते मी.”

सकाळी दोघं कारखान्यात गेले. मेहुणाही गेला, कारण प्रश्न त्याच्या फरशीचा होता. कचेरीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सावधानरावांनी सुरुवातच अशी केली की चूक सर्वस्वी माझी आहे, त्यामुळे मला काही मिळणार नाही हे मी समजू शकतो. बाईंनी त्यांना थांबवलं. चूक कोणाची, यावर हे ठरत नाही, त्या म्हणाल्या. दारू पिऊन किंवा मुद्दाम करून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, कामासाठी झालं ना? मग बेफिकिरी तुमची असली तरी हक्क जात नाही. माणसाच्या हातून चुका होतात म्हणून तर विमा असतो.

 सावधानरावांची इतकी वर्षं इजेची कारणं शोधण्यात गेली होती. इजा झाल्यावर माणसाला काय मिळतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पण अडचण निराळीच होती. डॉक्टरांच्या कागदावर बाथरूम होतं. फोनवर दोनदा बाथरूम होतं. विम्याचा तपासनीस विचारणार, आजच बरं आठवलं? कोणी पाहिलं का, बाईंनी विचारलं.

“कोणी पाहू नये म्हणून तर चहाच्या सुट्टीत चढलो,” सावधानराव म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारला. मेहुणा म्हणाला, भावजी, खोटंही इतकं पक्कं बसवलंत की आता उखडत नाही. बाई म्हणाल्या, आता एकच उपाय. सगळ्यांना विचारू. सगळे एकत्र सापडतात ती वेळ एकच, आणि जागाही एकच.

पेटी नेहमीच्या ठिकाणी होती. सावधानराव तिच्यासमोर थांबले तेव्हा लोकांना वाटलं, कोणाची तरी पाळी आहे. काहींनी वळून शेजाऱ्यांचे हात न्याहाळले. मग साहेब स्वतःच पेटीवर चढले. झोळीतल्या हातामुळे तोल जात होता, म्हणून बायकोने कोपर धरलं.

ते फार बोलले नाहीत. चाकाच्या खुर्चीवर चढलो, पडलो, आणि लाजेपायी घरच्या बाथरूमचं नाव घेतलं. माझ्या मेहुण्याची फरशी निर्दोष आहे. मागून मेहुणा म्हणाला, जरा मोठ्याने. ते त्यांनी पुन्हा सांगितलं. मग विचारलं की मला पडताना कोणी पाहिलं असेल तर सांगावं.

 मग गोंदाच्या यंत्रावरची बाई पुढे आली. तिला सगळे गोंदवाली म्हणत. बोलणं बेताचं आणि हात भराभर, असा तिचा लौकिक होता. तिने ॲप्रनच्या खिशातून खुर्चीचं चाक काढलं आणि पेटीवर त्यांच्या पायाशी ठेवलं.

“गठ्ठ्यांच्या आड होते मी,” ती म्हणाली. “धावतच येणार होते, पण तुम्ही आधी खुर्ची लपवलीत. म्हटलं, साहेबांना कोणी पाहिलेलं नकोय.”

तपासनिसाला हे सांगशील का, असं कचेरीतल्या बाईंनी विचारलं. सांगेन, ती म्हणाली, आणि डावी बाही वर सारली. कोपराखाली भाजल्याचा लांबलचक डाग होता, धड भरलेला नव्हता. घरी स्टोव्हवर भाजलं म्हणून तिने सांगितलं होतं. “मग हेही लिहून घ्या,” ती म्हणाली. “स्टोव्हचा काही दोष नव्हता. गरम गोंद होता.”

मग कापणीवाल्याने अंगठा पुढे केला. त्याने म्हणे घरी भाजी चिरताना कापून घेतलं होतं. त्याच्या शेजारचा म्हणाला, ह्याला भाजी चिरता येत नाही. पॅकिंगवाल्याची कंबर म्हणे कपाट सरकवताना धरली होती. त्याच्या घरात कपाट नव्हतं. बाई भराभर लिहू लागल्या. जुन्यातलं काय बसेल आणि काय नाही ते बघावं लागेल, असं त्यांनी बजावलं. पण लिहिलं सगळ्यांचं.

“म्हणजे ह्या कारखान्यातली झाडून सगळी माणसं घरीच पडत होती,” सावधानरावांची बायको म्हणाली, आणि सगळे हसले. सावधानराव हसले नाहीत. खाली उतरताना ते त्या पेटीकडे असं बघत होते, जणू ती त्यांनी आजच पाहिली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. माणूस शंकेखोर होता. त्याने खुर्ची उलटी करून पाहिली, चाक तिला बसवून पाहिलं, गोंदवालीला तीनदा तेच विचारलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर मिळवलं. शेवटी सावधानरावांना म्हणाला, खुर्चीवर चढू नये असा इथे नियम आहे ना? आहे, ते म्हणाले, मीच केलाय. कशासाठी चढलात? पाटी सरळ करायला. पाटी कोणाची? कारखान्याची. तपासनिसाने वर वाकड्या पाटीकडे पाहिलं, ती वाचली, ओठ घट्ट मिटले आणि सही केली. डॉक्टरांनीही आपल्या कागदावर दुरुस्ती करून दिली. हाड चुकीचं धरण्याआधी ऑपरेशन झालं.

सावधानराव कामावर परतले तेव्हा मनगट पुरतं फिरत होतं. मेहुणा मोऱ्यांच्या फरशा बसवत होता आणि प्रत्येक ओळीनंतर मालकांना त्यावरून चालायला लावत होता. पेटीत आता पुठ्ठ्याचे तुकडे टाकत. इजा झाली की माणसाला आधी बसवायचं आणि बाईंना बोलवायचं, अशी नवी रीत पडली होती. पाटी मात्र वाकडीच होती. साहेबांच्या हातची आहे, आम्ही कशाला हात लावू, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्यांनी शिडी मागवली. दोघांनी ती धरली आणि गोंदवाली वर चढली. सावधानराव खालून सांगत होते: डावीकडे, थोडं अजून, सावकाश. पाटी सरळ झाली. तेवढ्यात तिच्या बोटाला खिळा लागला. जेमतेम ओरखडा होता.

“बाई,” तिने शिडीवरूनच कचेरीकडे तोंड करून हाक मारली, “लिहून घ्या, खिळा लागला.”

सावधानरावांनी बोलायला तोंड उघडलं. खिळ्याबद्दल त्यांच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि तिला बसायला खुर्ची आणली. चार पायांची.