सभाशाळेतले रबर

झाकणाला मेण लावून बंद केलेल्या तांदळाच्या एका डब्याचे वजन मार्चमध्ये पाच किलो भरले आणि जूनमध्ये पाच किलो सातशे ग्रॅम. मधल्या काळात डबा कोणी उघडला नव्हता.

जूनमधले वजन नर्स तिरोयाने केले. चार महिन्यांच्या रितेतीला पुरून तेव्हा तीन दिवस झाले होते.

आमच्या बेटावरच्या दवाखान्याचा काटा गंजून अडकला होता आणि नवा काटा राजधानीहून येणाऱ्या बोटीवर तीन खेपा चढलाच नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. उपाय मीच सुचवला. रबराला झोळी टांगायची, झोळीत मूल, मुलाच्या पायाशी मोबाइल. झोळी हलकेच खाली ओढून सोडली की वरखाली होते; वजन जितके जास्त, तितका झोका संथ. मोबाइल झोके मोजून आकडा दाखवतो. रबर तिरोयाच्या भावाच्या मासेभाल्याचे होते. मार्चमध्ये त्या पाच किलोच्या तांदळाच्या डब्यावर मी आकडा जुळवून दिला.

झोळीची जागा मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाशाळेत, समुद्राकडच्या वाशावर ठरली. तिथे वडीलधाऱ्यांच्या परवानगीने वाशाला बांधलेली वस्तू त्यांच्याच परवानगीने उतरते. तेवढ्यासाठी दर आठवड्याला त्यांना बैठकीला कोण बसवणार? म्हणून वजने झाली की झोळी काढली जाई, रबर तिथेच राहत असे.

मेअखेरीस रितेतीला तिची आजी, नेई बवेना, घेऊन आली.

"सिस्टर, हाताला हलकी लागते हो ही."

"आजी, चार किलो नऊशे भरलीय. गेल्या खेपेला चार सहाशे होती," तिरोया म्हणाली.

"त्या काचेतलं मला काय कळतंय? पन्नास वर्षं मासा हातात धरून वजन सांगतेय मी. एकदा तरी चुकले का, विचार कोणालाही."

"आजी, मूल म्हणजे मासा नव्हे," मी म्हणालो. बायका हसल्या.

"आणि मास्तर, तुम्ही कधी पोर कडेवर घेतलंय का?" आजी म्हणाली. बायका जास्तच हसल्या. ती स्वतः हसली नाही.

तिरोयाने मुलीचा दंड दोन बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला.

"दंड सैल वाटतो, मास्तर. शुक्रवारच्या बोटीने मोठ्या इस्पितळात पाठवू का?"

"हाताला वाटतं ते अंदाज असतात, सिस्टर. आकडा बघा."

तिने आकडा बघितला आणि वहीत उतरवला. शुक्रवारची बोट गेली. रितेती त्यानंतर अकरा दिवस जगली.

जूनमध्ये डबा तोलायला तिरोयाने मला बोलावले नव्हते. ती सभाशाळेत एकटीच आहे असे कळल्यावर मी गेलो. डबा झोळीत होता. पाच किलो सातशे. तिने भावाकडून त्याच गुंडाळीतले कोरे रबर आणले होते. ते शेजारी टांगून डबा त्याला लावला. पाच किलो. पुन्हा जुन्याला लावला. पाच सातशे. ती चार वेळा असे करत राहिली. पहिल्या खेपेलाच मला कळले होते.

वहीतल्या बाकीच्या दहा मुलांची वजनेही वाढलेली होती, सगळी अपेक्षेपेक्षा थोडी अधिक. हे मला आधी दिसायला हवे होते.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो.

"झोळी मी ओढत होते, मास्तर. दंडही मीच धरला होता."

तिने डबा खाली ठेवला, गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले आणि वहीत लिहिले:

"रबर उन्हाने व खाऱ्या वाऱ्याने सैल झाले. सैल रबरावर झोका संथ होतो, म्हणून वजन जास्त दिसते. मेअखेरीस रितेतीचे खरे वजन चार किलो तीनशे. वहीतली तीनशे ग्रॅमची वाढ रबराची होती, मुलीची नव्हे. मार्चनंतर डबा पुन्हा तोलला नाही."