टेबलावरचा सत्तर मजली मनोरा

मी एक जुना मनोरा आहे, सत्तर मजल्यांचा. मित्रांनो, माना वर करून मला शोधू नका. मी टेबलावर मावतो. मोठी इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल हे दाखवायला छोटी प्रतिकृती करतात ना, ती मी. मोठी इमारत मात्र अजून झालेली नाही.

मला एका बाईंनी घडवलं. खिडक्या चिमट्याने एकेक चिकटवल्या. आजूबाजूच्या जुन्या इमारती मात्र नुसते पांढरे ठोकळे करून ठेवल्या, ना दार ना खिडकी. त्यांच्या धंद्यात तशी रीतच आहे, बघणाऱ्याची नजर माझ्यावरून हलू नये म्हणून. माझे मजले त्यांनी जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक बसवले, हवे तेव्हा काढता येतील असे. "बिल्डर लोकांचं मन आज एक, उद्या एक," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

काय माझा थाट होता! बिल्डरच्या कचेरीत मी काचेच्या पेटीत उभा असे आणि आतून माझे दिवे लागत. आमचं शहर ना धड लहान, ना धड मोठं. त्यामुळे येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "आता आपणही कुणापेक्षा कमी नाही!" महापौर माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

माझ्यासाठी मुख्य चौकातली बैठी दुकानं पाडली. त्यात एका शिंप्याचं दुकान होतं. त्याला माझ्या तळमजल्यावर नवं दुकान द्यायचं बिल्डरने कबूल केलं होतं. शिंपी वरचेवर कचेरीत यायचा, गळ्यातली टेप काढायचा आणि माझ्या पायाशी असलेलं नखाएवढं दुकान मोजायचा. "मशीन इथं, कापायचं टेबल तिथं," तो शिपायाला सांगायचा, "आणि उजेड बघा की राव केवढा!" इतक्या प्रेमाने माझ्या तळमजल्याकडे दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही.

मग बिल्डरची आणि त्याच्या मेहुण्याची बोलणी सुरू झाली. मेहुणा हिशेबाचा माणूस. तो म्हणाला, "दाजी, जितकं उंच जाल तितकी जागा लिफ्टच खातात. आणि एवढ्या कचेऱ्यांत बसायला माणसं कुठून आणणार? आहेत त्याच इमारती निम्म्या रिकाम्या आहेत." बिल्डरने पेटी उघडली आणि माझे वरचे तीस मजले उचलून कपाटावर ठेवले.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! पुढे आणखी मजले गेले, दिव्यांची वायर तुटली. शेवटी माझे बारा उरले.

शिंपी मात्र घाबरला नाही. "पँट लांबीला कमी केली म्हणून कंबर बदलते होय?" तो म्हणाला. "माझं दुकान तळाला आहे." काम कधी सुरू होणार असं विचारलं की त्याला एकच उत्तर मिळे, "परवा या." दुसरा कुणी असता तर समजून चुकला असता. पण हा पडला शिंपी! जन्मभर त्यानेही गिऱ्हाइकांना "परवा नक्की" असंच सांगितलं होतं आणि थोडं उशिरा का होईना, प्रत्येकाचा कपडा शिवून दिला होता. परवा म्हणजे काम हातात घेतलंय, असाच त्याचा समज.

एके दिवशी बिल्डर मेहुण्याला म्हणाला, "त्या जागेत गाड्या लावू दे लोकांना. इमारत काही होत नाही आता." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शिंप्याला ते कुणीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याला दुसरं दुकान द्यावं लागलं असतं. उलट त्यालाच तिथे पावत्या फाडायला बसवलं. "काम सुरू होईपर्यंत," बिल्डर म्हणाला. शिंपी खूश झाला. जागेवर आपली नजर राहील, असं त्याला वाटलं.

कचेरी हलवताना मला कचऱ्यात काढलं होतं. शिंप्याने मला छातीशी धरून आणलं आणि आपल्या पावत्यांच्या खोपटात, खिडकीपाशी ठेवलं. तो रोज मला मऊ फडक्याने पुसतो. घरी त्याचं मशीन चादरीखाली गंजत चाललं आहे.

त्याच्या धाकट्या बहिणीची लाँड्री आहे. तिने निम्मं दुकान त्याच्यासाठी रिकामं ठेवलं आहे. काल ती आली, डब्यातली भाजी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "दादा, बॅगा शिवणारा एक जण जागा मागतोय. एक तारखेपर्यंत थांब म्हटलंय त्याला. तू येतोस का सांग."

"अगं, आता कशाला? होतच आलंय."

"कुठे होतंय, दादा? काय दिसतंय तुला इथं?"

शिंप्याने माझ्याकडे बोट केलं. "हा बघ. हा काय खोटा आहे?"

ती डोळे पुसत निघून गेली. मी तसाच उभा राहिलो. मला तोंड नाही, पाय नाहीत, साधं कोसळून पडायचीही ताकद माझ्यात नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. माझं मागणं उलटं आहे. तुमच्या घरची गाडी लावायला त्या चौकात आलात, तर खिडकीतून हात घालून मला उचला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोडून टाका. तो तुमच्यावर ओरडेल. कदाचित रडेलही. रडू द्या त्याला. पण एक तारखेच्या आत या.