उद्घाटन बाकी आहे

आमच्या नानांना डोंगराचं वेड आहे आणि त्याहून मोठं वेड उद्घाटनांचं. नाना म्हणजे माझे यजमान, नाशिकच्या ‘सह्यसोबती’ मंडळाचे तहहयात अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी म्हसोबाच्या डोंगरावर कॉलेजची दोन मुलं धुक्यात वाट चुकली आणि रात्रभर कड्याला चिकटून कुडकुडली. तेव्हा मंडळाने ठरवलं, वर पठारावर निवारा बांधायचा. पत्र्याच्या चार भिंती, वर पत्रा, एक दार. अडकलेल्याने आत शिरावं आणि जीव वाचवावा, एवढंच त्याचं काम.

मार्चमध्ये निवारा बांधून झाला आणि मार्चमध्येच त्याला कुलूप लागलं, कारण उद्घाटन बाकी होतं. देणगीदार धनराजशेठ हे पिंपळगावचे द्राक्षांचे मोठे व्यापारी. त्यांची तारीख काही मिळेना. आधी लग्नसराई, मग पावसाळा, मग पितृपक्ष, मग बागांची छाटणी. अख्खा पावसाळा माणसं डोंगरावर भिजत होती आणि निवारा मात्र कोरडाठाक.

“अहो, निदान कुलूप तरी काढून ठेवा,” मी एकदा म्हटलं.

“उद्घाटनाआधीच लोक आत गेले, तर शेठजींनी उद्घाटन करायचं कशाचं?” नाना म्हणाले. यावर तुमच्याकडे उत्तर असलं तर कळवा.

शेवटी नोव्हेंबरातला एक रविवार ठरला. मेन रोडवरून तीन मीटर लाल साटीनची रिबन मीच आणली. उगाच साळसूदपणा कशाला करू? मंडळी शेठजींसाठी पायथ्याला थांबली. सजावटीसाठी आम्ही तिघं आधी वर गेलो: नाना, मी आणि माझी भाची इरा. तिला सूत्रसंचालन करायचं होतं, म्हणून ती पातळ रेशमी कुर्ता घालून आली होती. दाराला झेंडूचं तोरण लावलं, रिबन बांधली. किल्ली नानांच्या खिशात होती.

बाराच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि बघता बघता गारांसकट अवकाळी कोसळला. आडोशाला पळताना इरा ओल्या कातळावरून घसरली. पाय असा मुरगळला की तिला उभंही राहता येईना. आम्ही तिला कशीबशी निवाऱ्याच्या दारापर्यंत ओढत आणलं. तिचे ओठ निळे पडले होते. आधी ती थडथड कापत होती. मग कापणं थांबलं आणि ती जड जिभेने म्हणाली, “आत्या, मला झोप येतेय.”

मी नानांवर ओरडले, “कुलूप काढा!”

नानांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. “अगं, शेठजी निघालेत घरून. रिबन तुटली तर... जरा दम धर.”

त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची किळस आली. एकेचाळीस वर्षांत इतकी कधी आली नव्हती. इराला खाली टेकवून मी त्यांच्या खिशावर झडप घालणार, एवढ्यात निवाऱ्याच्या मागून एक डोकं बाहेर आलं. पायथ्याच्या वाडीतला गुराखी हिरामण.

“बाई, मागून या. पोरीला गारठा लागलाय.”

मागच्या भिंतीचा एक पत्रा त्याने दार सरकवावं तसा बाजूला सरकवला. मी आणि हिरामणने रांगत इराला आत ओढलं; नाना रिबनीपाशीच थांबले. आत चूल पेटलेली, सुकी लाकडं रचलेली, कोपऱ्यात शेळी आणि तिची दोन करडं. हिरामणच्या बायकोने, चांगुणाने, काही न विचारता इराचे ओले कपडे काढले, तिला घोंगडीत गुंडाळलं आणि गुळाचा कोरा चहा घोट घोट पाजला.

“पावसाळ्यात लय जणं राहिली हितं,” ती म्हणाली. “मुंबईची पोरंबी व्हती. एकाला तर ताप व्हता.”

अर्ध्या तासाने इरा पुन्हा कापायला लागली, मग रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मीही रडले.

तेवढ्यात पत्रा हलला. तहहयात अध्यक्ष चारी पायांवर रांगत आत आले. जाकिटाला चिखल, खिशात किल्ली. समोरचं दार उघडलं असतं तर रिबन तुटली असती ना! शेळीने त्यांना जागा करून दिली.

मग नानांचा फोन वाजला. पिंपळगावलाही गारा पडल्या होत्या. शेठजी बागेत गेले होते. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

पाऊस ओसरल्यावर हिरामण वाडीतून चार गडी आणि डोली घेऊन आला. डोली काही मागच्या फटीतून निघेना. आता तरी नाना रिबन तोडतील असं मला वाटलं. छे! त्यांनी नखांनी, दातांनी गाठ सोडवली, रिबन नीट गुंडाळली आणि मग दार उघडलं. इरा बाहेर पडताच पुन्हा कुलूप घातलं. रिबनीचं फूल बांधायला दोन्ही हात लागतात, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली.

फूल छान जमलं. मग ते हिरामणला म्हणाले, “तो मागचा पत्रा पक्का करून टाक बाबा. उद्घाटनाआधी असं बरं दिसत नाही.”

“करतो ना, नाना,” हिरामण म्हणाला.

जीपमध्ये इराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचे हात आता गरम लागत होते. पुढच्या सीटवरून नाना समाधानाने म्हणाले, “चला, रिबन तरी शाबूत राहिली. किल्ली दे.”

“चांगुणाला दिली.”

“तिला? अगं, पण उद्घाटन बाकी आहे!”

“ते केव्हाच झालं,” मी म्हणाले. “तुम्हाला बोलावणं नव्हतं.”