अकरा ठिकाणी आईचा नंबर

आई = फोनवर

"अगं, माझ्या किडन्या कधी गेल्या?"

"काय?"

"बावीस मेसेज आलेत. 'उद्या तुमचं डायलिसिस सात तास उशिरा.' बावीस वेळा! तुझे बाबासुद्धा एक गोष्ट इतक्यांदा सांगत नाहीत."

मी पडद्याकडे वळले.

वेळ = सहा वीस

डायलिसिस सेंटरचं पाणी शुद्ध करणारं यंत्र दुपारी बंद पडलं होतं. उद्याच्या बावीस पेशंटना कळवायचं काम मी बसवलेल्या नव्या सॉफ्टवेअरचं. पहिल्याच दिवशी त्यानं सगळं माझ्या आईला कळवलं.

सिस्टरनं लँडलाइन उचलली आणि यादीवर पेन ठेवून एकेकाला फोन लावायला लागली. पण सकाळच्या पाळीतले पेशंट, ड्रायव्हरकाका? त्यांना ऐकू येत नाही. मेसेज मात्र अक्षरावर बोट ठेवून वाचतात. सातला फोन बंद करून झोपतात, पहाटे चारची बस धरतात. उद्या ते येऊन सात तास बाकावर बसणार.

चूक = माझी

डायलिसिसची अकरा मशिनं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अकरा पायऱ्या. पहिल्या पायरीत तपासणीसाठी आईचा नंबर टाकला, सोबत मेसेज कंपनीची चाचणीची किल्ली, म्हणजे पासवर्डच. मग तीच पायरी दहा वेळा कॉपी केली.

खरी किल्ली मॅनेजरनं पाठवलेल्या लिफाफ्यात होती. चाळीस अक्षरं. मी पहिल्या पायरीत ठोकायला घेतली.

"अकरा वेळा लिहिणार?" मागून पाणीवाला टेक्निशियन. हात कोपरापर्यंत ओले.

"घाई आहे हो!"

"म्हणूनच विचारतोय. माझी टाकी एकच आहे. प्रत्येक मशीनला वेगळी विहीर खणली असती, तर आज अकरा विहिरी उपसत बसलो असतो."

मी थांबले.

किल्ली = ••••••••

सॉफ्टवेअरच्या गुप्त कप्प्यात एकदाच टाकली; अकराही पायऱ्या तिथूनच घेणार. सेव्ह म्हटलं आणि अक्षरांचे ठिपके झाले.

"आता मलाही दिसत नाही."

"दिसून करायचंय काय? चालली म्हणजे झालं."

कोणाला = पेशंटचा नंबर, यादीतून

अकरा पायऱ्यांमधून आईला काढलं. तिला एकाच जागी ठेवलं: चाचणीचा नंबर.

सहा बावन्न. लिफाफा फाडून बारीक तुकडे केले. बटण दाबलं.

काहीच नाही.

सहा चोपन्न. अजून काहीच नाही. सिस्टरही फोन ठेवून माझ्या पडद्याकडे बघत होती.

सहा सत्तावन्न. ड्रायव्हरकाकांचं उत्तर आलं: 'वाचलं. दुपारी येतो. तोवर पाणी नीट करा.'

"बघा," टेक्निशियन म्हणाला, "बोलणी शेवटी मलाच," आणि हसत यंत्राकडे पळाला.

फोन वाजला.

"अगं, आता एकही येईना. बंद पडलं का तुझं?"

"नाही आई. चालू झालं."