झऱ्याचे पेढे

या, असे जवळ या. पाठ भिंतीला टेकली असेल तर टेकलेली राहू द्या, पण कान तेवढे इकडं असू द्या. एका बापानं लेकीचं प्रगतिपुस्तक कसं वाचलं, त्याची गोष्ट सांगतो. साथीला ना टाळ ना मृदंग. थकलेल्या माणसांची गोष्ट आहे, तेव्हा सावकाशच सांगतो.

सुदर्शन वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. पाळी बहुतेक तिसरी. सकाळी सातला सुटायचा, आठला पुंडलिकनगरात घरी पोचायचा. तोवर डोळ्यांची आग आग झालेली असायची. पण सुट्टीच्या दिवशी देवळात कीर्तन असलं, की गडी टाळ घेऊन महाराजांच्या मागं उभा. झोप झालेली असो नसो. त्याची बायको मोनिका म्हणायची, "मशीनपाशी उभं, देवापाशी उभं. बसता कधी ओ तुम्ही?"

आधी ही मंडळी पडेगावात राहायची. पुंडलिकनगरात बऱ्या दोन खोल्या मिळाल्या तेव्हा त्यांची एकुलती लेक श्रेया तिकडच्या मराठी शाळेत नुकतीच पहिलीत रुळली होती. शाळा तीच ठेवू, असं ठरलं. ठरवलं दोघांनी, पण निभावलं मोनिकानं. रोज पोरीला घेऊन एक रिक्षा, बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात उतरून दुसरी रिक्षा, मग शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली दुपारपर्यंत बसणं, आणि तसंच परत. अशी दोन वर्षं. दुसरी संपत आली तशी ती म्हणाली, "तिसरीला मी नाय जाणार. माझे पाय संपले." घरापासून पाच मिनिटांवर एक सेमी-इंग्लिश शाळा होती. तिसरीला तिथं घालायचं ठरलं.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल हातात पडला. सुदर्शनची पाळी त्या दिवशी लांबली होती, तो नुकताच घरी आलेला. पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. तसंच त्यानं पुस्तक उघडलं. त्यात मार्क नव्हते, टक्के नव्हते. पानोपानी तीन चित्रं: झरा, डोंगर आणि आकाश. त्यातलं बाईंनी खूण केलेलं एक चित्र पोरांनीच रंगवायचं. श्रेयानं भाषेत झरा रंगवला होता. गणितात झरा. परिसरात झरा. निळा रंग रेषेच्या बाहेर जाऊ दिला नव्हता. फक्त खेळाच्या पानावर डोंगर होता, तपकिरी.

आता ऐका, गंमत कुठं झाली ती. मार्चात पडेगावच्या सप्ताहात महाराजांनी सांगितलं होतं, "डोंगर ताठ उभा राहतो, म्हणून पाणी त्याच्यापाशी थांबत नाही. आकाश लई मोठं, पण मूठ मारून बघा, हाती काय लागतं? नाम कसं पाहिजे? झऱ्यासारखं!" आणि त्या 'झऱ्यासारखं'वर सुदर्शननं टाळ असा काही वाजवला होता, की महाराजांनी मागं वळून मान डोलवली होती. ती मान त्याच्या डोळ्यांसमोर अजून होती. त्यानं प्रगतिपुस्तक वाचलं ते त्याच उजेडात.

"मोनिका! अगं, सगळीकडं झरा हाय पोरीला!"

"म्हंजे चांगलं का?"

"झऱ्याच्या वर काय असतंय?"

मोनिकानं पुस्तक घेतलं, वरून खालून पाहिलं. शेजारच्या आवडाबाईंच्या नातवाला बी-वन आलं होतं, आणि 'ते ए-टूच्या वरचं का खालचं' असं त्या सकाळपासून गल्लीभर विचारत होत्या. लासूर स्टेशनच्या भाच्याला ब-२ होतं. प्रत्येक शाळेची भाषा निराळी. मोनिकाच्या अंगात ती भाषा शिकायचं त्राण नव्हतं. नवरा हसतोय म्हणजे चांगलंच असणार, म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

"खेळात तेवढा डोंगर कसा काय गं?" सुदर्शननं लेकीला विचारलं.

श्रेया चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "लंगडीत मी पडले नाय, म्हनून."

"मग पडायचं की थोडं! एवढा ताठा बरा नाय."

तिनं चपलेचा पट्टा सोडून परत लावला.

संध्याकाळी देवळात सुदर्शननं पेढे वाटले. टाळकऱ्यांना, मृदंगवाल्याला, चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला. महाराजांनी विचारलं, "कशाचे रे?"

"लेक झरा आली, महाराज. तीन विषयांत."

महाराजांना तरी काय ठाऊक? त्यांनी पोरीला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रेया खाली मान घालून उभी. सगळे म्हणाले, पोर लाजाळू आहे.

नऊ दिवसांनी दोघं पोरीला घेऊन नव्या शाळेत गेले. खिडकीमागच्या क्लार्कनं फॉर्म उलटापालटा केला. "टक्के?"

"टक्के नायत. झरा हाय," सुदर्शन म्हणाला. अजूनही त्याच आवाजात.

क्लार्कनं पुस्तक शेवटच्या पानावर उघडून खिडकीतून बाहेर सरकवलं. तळाशी बारीक अक्षरं होती. सुदर्शननं उभ्या उभ्या वाचली. झरा: शिकायला सुरुवात केली आहे, मदत लागते. डोंगर: स्वतःचं स्वतः करते. आकाश: स्वतः करते आणि दुसऱ्यालाही शिकवते.

"सगळ्यात खालची पायरी आहे ती, साहेब," क्लार्क म्हणाला. माणूस वाईट नव्हता, सकाळपासून त्यानं असे साठ कागद पाहिले होते. "हिला आमच्याकडं परत दुसरीत बसावं लागंल. तिसरीच पाहिजे असंल तर मागच्या शाळेतून टक्के लिहून आणा. शनिवारपर्यंत."

तिघं पायीच परत निघाली. उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. घरात शिरल्यावर सुदर्शन पंख्याखाली बसला आणि त्यानं लेकीला समोर घेतलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हां. बाईंनी वर्गात सांगितलं होतं."

"मग मला बोलली का नाय?"

"तुम्ही लई हसत होते, पप्पा." ती पुढं म्हणाली, "झोपून उठल्यावानी दिसत होते."

मोनिका उठून आत गेली. सुदर्शनला आठवली ती देवळातली खाली गेलेली मान. आणि लंगडीत पडायचं की, असं जे आपण बोललो होतो, ते.

शुक्रवारी तो पाळीवरून आला तशी तिघं पडेगावला निघाली. सुलेखाबाई शाळेत दाखले लिहीत बसल्या होत्या. श्रेयाला दोन्ही वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. सगळं ऐकून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"टक्के मी मोजलेच नाहीत, तर लिहू कुठून?"

"कायबी लिहा, बाई. साठ लिहा."

"साठ कशाचे?"

सुदर्शनला कारखाना आठवला. गेजनं न मोजताच मापाच्या रकान्यात आकडा भरला म्हणून त्याच्या शेजारच्या मशीनवाल्याला गेल्या महिन्यात मेमो मिळाला होता. आणि मेमो बरोबर आहे असं चहाच्या टपरीवर सगळ्यांत मोठ्यानं हाच बोलला होता.

"बसा," सुलेखाबाई म्हणाल्या. "तुमची पोर जोडाक्षरावर अडती. अडली की लाजती, लाजली की पुढचं सोपंबी सोडून देती. पण गोष्ट सांगायला उभी करा, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येती. हाच वर्ग तिसरीला मी नेणार आहे. सहा महिने माझ्यापाशी राहिली तर ती वाचंल. तिकडं परत दुसरीत बसली तर वाचंल का नाही, ते मला माहीत नाही. दाखला देऊ का राहू देऊ?"

सुदर्शननं बायकोकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका," मोनिका म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेवढं बळ नव्हतंच. "दोन वर्षं त्या लिंबाखाली बसलेय मी. शाळेतला शिपाईसुद्धा मला मावशी म्हणतो."

"नेईन मी," सुदर्शन म्हणाला. "पाळीवरून आलो की तसाच नेतो. तू नुसतं दुपारी आणायला ये."

"आन् झोपणार कधी?"

"सोडून आलो की."

मोनिका पदरानं मानेवरचा घाम पुसत म्हणाली, "बरंय. रिक्षात तरी बसशाल!"

सुलेखाबाईंनी दाखल्याचा कोरा कागद परत गठ्ठ्यात ठेवला.

परत जाताना तिघं बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात उतरली, तेव्हा सुदर्शन समोरच्या दुकानातून एक पेढा घेऊन आला. एकच.

"हा कशाचा?" श्रेयानं विचारलं.

"खेळातल्या डोंगराचा. त्या दिवशी मी उलटं बोललो गं."

तिनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "मी खरंच पडले नव्हते. शेवटपर्यंत."

"ठाऊक हाय."

मग तिनं पेढ्याचा अर्धा तुकडा आईला दिला आणि दुकानाच्या पाटीकडं पाहत राहिली. "मि," ती म्हणाली. "मि... ष..." आणि अडली. रिक्षावाला ओरडत होता, "चला, सूतगिरणी, पुंडलिकनगर, तीन सीट, चला!" सुदर्शनचे डोळे मिटत होते. पण त्यानं हात हलवून रिक्षा पुढं जाऊ दिली, आणि पाटीवरचं अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत तिथंच उन्हात उभा राहिला. मोनिकाही राहिली. 'मिष्टान्न' व्हायला तीन रिक्षा गेल्या.

इथंच थांबतो, मायबाप. पुढं श्रेया डोंगर झाली की आकाश, ते मला विचारू नका, ते अजून कुणी रंगवलेलं नाही. एवढंच मागतो, उद्या देवापुढं दिवा लावाल तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. बापाच्या तोंडावर दिसलेलं हसू तिनं नऊ दिवस एकटीनं सांभाळलं होतं.