मागचीनं उचलायचं

"तो भोंगा बंद कर, न्हायतं मी उठतंय. मग तुझ्या मशीनलाच सांग हलद लावायला."

रंगूबाईनं मानसुद्धा वळवली नाही. ती अंगणात पाटावर बसून पान जमवत होती आणि तिच्या पाठीमागं तिचा नातू भावेश स्पीकरवर स्पीकर चढवत होता. शेलार गावातल्या त्या घरात आज संध्याकाळी भाविकाची, म्हणजे भावेशच्या मोठ्या बहिणीची, हळद होती.

"चेक करतोय फक्त, आजी. एक मिनिट."

"तुझा एक मिनिट मना ठाव हाय. कामतघरपरेंत पत्रे हलतात."

भावेशनं बटण दाबलंच. अंगणभर ते गाणं उसळलं.

*टेंपोवाल्या दादा, टेंपो हलू ने,*
*माझ्या ताईची हलद सांडंल...*

"हलू ने म्हनतंय आनि वाजतंय असा, की टेंपो अंगावर आला," रंगूबाई म्हणाली. "आनि आपल्या रस्त्याला हलू नेला काय नि जोरान नेला काय, सांडनारच."

तांदूळ निवडणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. भावेशनं आवाज कमी केला, पण हार मानली नाही. "हस तू. दहा वर्षांत किती गाणी आली बघ. एकेक गाणं एकेका सीझनला वाजलं आणि गेलं. हे राहिलं. हे वाजल्याशिवाय या पट्ट्यात हळद होत नाही. माझ्या नातवाच्या हळदीला पण हेच वाजेल. लिहून ठेव."

"लिवायला येतंय कुनाला? दुसरीतून काढून मना बकऱ्यांमागं धाडलेली. आनि बरा झाला. लिवतात ते इसरतात. मी एक अक्षर लिवला न्हाय, म्हनून मना सगला येतंय." तिनं पानाला चुना फासला. "ज्या गान्याला बटन लागतंय, ते बटनाबरोबर मरतंय. पयला धवला. मंग तुझा टेंपो."

"हो गं बाई, पहिला धवला," भावेश म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

रंगूबाई धवलारीण होती. लग्नात भट बामण यायच्या आधी आणि गेल्यावरही जिचं चालतं ती. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंतचे सगळे धवले, म्हणजे विधींची गाणी, तिच्या तोंडात. आईकडून घेतलेले, माहेरी दिघाशीत, जात्यावर बसून. या तालुक्यात तिनं किती पोरी उजवल्या याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता. हिशेब वाण्यानं ठेवावा, असं ती म्हणायची. पण एखाद्या घरानं धवलारीण न बोलावता नुसतं मशीन लावून हळद उरकली, तर त्या घराचं नाव तिच्या बरोबर ध्यानात राही, आणि बाजारात त्या घरची बाई दिसली की रंगूबाई मोठ्यानं विचारी, "काय गो, पोरीची हलद झाली का नुसताच नाच झाला?"

धवला एकटीनं होत नाही. दोघी लागतात, पुढची आणि मागची. पुढची उजवीकडच्या पाटावर बसते, ओळ देते. मागची डावीकडं बसून तीच ओळ उचलते. पुढचीनं दिलं नाही ते मागचीनं बोलायचं नाही, आणि पुढचीनं दिलं ते मागचीनं टाकायचं नाही. आणि एकदा सुरू केलेला धवला तोडायचा नाही. कामतघरच्या एका लग्नात दोन्हीकडच्या बाप्यांनी खुर्च्या उचलून एकमेकांच्या डोक्यात घातल्या होत्या. एक खुर्ची पाटाशेजारी येऊन पडली. रंगूबाईनं ओळ दिली, काशीनं उचलली. पोलीस आले तेव्हा या दोघी हळद लावण्याच्या कडव्याला पोचल्या होत्या.

काशी तिची मागची. दोघी नवीन सुना होत्या तेव्हापासूनची. अबोल बाई, तोंडात कायम मिश्री. रंगूबाईच्या सावलीत इतकी बसलेली, की लोक तिला नावानं ओळखायचे नाहीत. "रंगूबाईची मागची" म्हणायचे.

दुपारी चहा घेताना काशी हळूच म्हणाली, "आज हाकेला मी पुढं बसू काय?"

हाक म्हणजे धवल्यातली सगळ्यात अवघड जागा. तिथं देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. ज्याचं नाव राहिलं तो मेलेला जीव मांडवाबाहेर पहिल्या खांबापाशी उभा राहतो आणि उपाशी परततो. दोनदा हाक होते. एकदा हळदीला, एकदा लग्नाच्या सकाळी.

रंगूबाईनं कपबशी खाली ठेवली. "का?"

"नामाचा नाव घ्यायचा हाय."

नामा रंगूबाईचा मुलगा. भाविका-भावेशचा बाप. लूमवरचे कापडाचे तागे टेंपोत भरून गोदामात पोचवायचा. हे टेंपोचं गाणं आलं त्या वर्षी तर तो वेडाच झाला होता. आपल्यावरच लिहिलंय म्हणायचा. पहाटे टेंपो चालू झाला की गाणं चालू. रात्री गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं, की रंगूबाई विनिताला, सुनेला, हाक मारायची, "तवा ठेव गो, आला तुझा भोंगा." पुढं दोन पावसाळ्यांनी तो काविळीनं गेला. टेंपो विकला. त्यानंतर घरात लग्न झालं नव्हतं. लोकांच्या मेलेल्यांना रंगूबाईनं गावोगाव हाका मारल्या, पण स्वतःच्या पोराला मारायची वेळ आली नव्हती.

"माझ्या पोराचा नाव मना घेता येत न्हाय काय?"

"तसा न्हाय. दिघाशीला तू..."

"दिघाशीला काय?"

काशीनं चहा बशीत ओतला. मागच्या महिन्यात दिघाशीच्या लग्नात रंगूबाईनं दोन कडवी गिळली होती. कुणाला कळलं नव्हतं. त्याआधी एकदा ती एकच कडवं फिरून फिरून म्हणत राहिली होती. तेही कुणाला कळलं नव्हतं. काशीला कळलं होतं, आणि काशीला कळल्याचं रंगूबाईला.

"मागचीनं मागं बसावा," रंगूबाई म्हणाली. "चाय पी. निवतंय."

ऊन उतरलं तशी भाविका चौरंगावर येऊन बसली. भिंतीपलीकडच्या नूरीनं आपल्या कारखान्यातले लूम बंद करायला लावले. रंगूबाईच्या दारात धवला असला की ती खटखट थांबायची, हा नूरीच्या सासऱ्यापासूनचा रिवाज. लूम थांबले की या वस्तीला एकदम नवे कान फुटतात. कुणाच्या बांगड्या वाजल्या तरी ऐकू येतात.

विनिता आतल्या उंबऱ्यावर उभी होती. विधवा आईनं पोरीच्या हळदीला हात लावावा की नाही, यावर सकाळीच कुणीतरी कुजबुजलं होतं. रंगूबाईनं तेव्हाच सांगितलं होतं, "मी रांडाव हाय, मी धवला म्हनतंय, मंग तिचा हात काय झिजलाय?" तरी विनिता उंबरा ओलांडून आली नव्हती.

रंगूबाई उजव्या पाटावर बसली. तिनं ओळ दिली.

*गावदेवी गो आये, मांडवान ये,*
*तुझ्या लेकीची हलद हातान घे.*

काशीनं उचलली. आवाज अजून खणखणीत होता. देव झाले. मग घरातले. सासू झाली, सासरे झाले. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, जे ती फक्त धवल्यातच घेत असे.

*केसरीनाथ धनी, मांडवान या,*
*तुमच्या नातीची हलद हातान घ्या.*

काशीनं उचललं. आता नामा. चाल तीच, शब्द तेच, फक्त नाव घालायचं.

रंगूबाईनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

नाव होतं की नव्हतं, तेही कळेना. पुढची ओळ नाही, मागची नाही. धुतलेल्या मडक्यासारखं सगळं रिकामं. लूम चालू असते तर कुणाला कळलंही नसतं. पण लूम बंद होते. भाविकानं मान वर केली. काशी ओठ मिटून, नजर रंगूबाईच्या तोंडावर लावून बसलेली. तिला नाव ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. पण पुढचीनं दिल्याशिवाय तिला बोलायचं नव्हतं, आणि हे तिला रंगूबाईनंच उभा जन्म बजावलं होतं.

मग त्या रिकाम्या जागेत काहीतरी आलं. लांबून, गल्लीच्या तोंडाकडून यावं तसं. रंगूबाईनं ते थांबवलं नाही. थांबवता आलं नाही.

*टेंपोवाल्या दादा, टेंपो हलू ने,*
*माझ्या ताईची हलद सांडंल.*

पोरींच्या घोळक्यात हसू फुटलं. कुणी तरी "आज्जीऽ!" म्हणून शिट्टी मारली, मोबाईल वर झाले. स्पीकरपाशी उभ्या भावेशनं टाळी वाजवायला हात उचलले.

आणि काशीनं ती ओळ उचलली.

हसली नाही, बिचकली नाही. धवल्याच्या त्याच संथ, लांब चालीत, शब्द न् शब्द ओढत तिनं ती म्हटली, जशी काही ही ओळ जात्यावरच जन्माला आली होती. *हलू ने. हलद सांडंल.* हसू विरत गेलं. भावेशचे हात तसेच खाली आले. आतल्या उंबऱ्यावर विनितानं पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडं तोंड केलं.

रंगूबाईला पुढची हळदीची ओळ सापडली. ती तिनं दिली. धवला तुटला नाही. शेवटपर्यंत गेला.

मग भावेशचं मशीन सुरू झालं आणि अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. पोरी येऊन रंगूबाईला मिठ्या मारून गेल्या. भावेश घामाघूम होऊन तिच्यापाशी वाकला. "आजी, मुद्दाम केलंस ना? बाबांच्या जागी बाबांचं गाणं! माझ्या अंगावर काटा आला. आता बोल, टिकणार का नाही टिकणार?"

"मंग काय, चुकून केला?" रंगूबाई म्हणाली. "जा, नाच. मना घाम नको लावू."

तो गेला. त्या दणक्यात दोघी म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या. रंगूबाई मनातल्या मनात ते कडवं शोधत होती. आता सापडत होतं, अगदी सोपं, पोरानंही म्हणावं असं. नामा बाला, मांडवान ये. तेव्हा कुठं गेलं होतं? जन्मभर जपलं ते ऐन वेळी पळालं, आणि जे भोंगा म्हणून दाराबाहेर हाकललं ते कधी येऊन चुलीपाशी बसलं होतं, देव जाणे.

"तुना कसा येत होता ता गाना?" तिनं विचारलं.

"कुनाला येत न्हाय?" काशी म्हणाली. "तुझ्याच अंगनान आयकलाय."

"नाव तुना ठाव होता."

"होता."

"मंग दिला का न्हाय?"

काशीनं मिश्री थुंकली, तोंड पुसलं. "मागचीनं मागं बसावा, तूच बोललीस."

समोर पोरं नाचत होती, धूळ पिवळी उडत होती. रंगूबाईच्या मनात एकच होतं. गाण्यानं पोरी हसल्या, सून रडली, सगळं झालं. पण नाव घेतलं गेलं नाही. गाणं हे नाव नव्हे. नामा आज पहिल्या खांबापाशी उभा राहिला असेल, आपलंच गाणं ऐकत, आणि आत कुणी बोलावलं नाही म्हणून परत गेला असेल.

लग्नाच्या सकाळी मांडवात दोन पाट मांडले होते. काशी तयार होऊन आली, तर डाव्या पाटावर रंगूबाई बसलेली. नऊवारी चापून नेसलेली, केसांना तेल, पाठ ताठ. उजवा पाट रिकामा.

काशी उभीच राहिली.

"बस. काय बगतंस? मुहूर्त तुझ्यासाठी थांबलाय काय?"

काशी बसली. चुकीच्या घरात शिरल्यासारखी, पाटाच्या कडेला. विनितानं ताट आणलं आणि मानाचा विडा-नारळ सवयीनं रंगूबाईपुढं ठेवला. रंगूबाईनं एका बोटानं ताट उजवीकडं सरकवलं.

"सरळ बस गो," ती काशीला म्हणाली. "पुढची हाईस."

काशीच्या मागं आता रंगूबाई होती. रंगूबाईच्या मागं कुणी नव्हतं. पोरी आरशापुढं होत्या, भावेश वरातीच्या गाडीला स्पीकर बांधत होता. भिंतीपलीकडं लूम एकेक करून थांबले.

काशीनं सुरुवात केली. तिचा आवाज लोकांनी असा, पुढून, कधी ऐकला नव्हता. देव आले. सासू-सासरे आले. केसरीनाथ धनी आले. रंगूबाई एकेक ओळ उचलत गेली, खाली बघत. मग काशीनं तिच्याकडं न बघता, थोडं थांबून ओळ दिली.

*नामा बाला, मांडवान ये,*
*तुझ्या लेकीची हलद हातान घे.*

आता मागचीनं उचलायचं होतं.

रंगूबाईनं डोळे मिटले आणि उचललं. आवाज लहान आला, चिरलेला. पण लूम बंद होते. पहिल्या खांबापर्यंत तो गेला असावा.