लिचीचं गेट नव्हे, विसावा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या आसपास लिचीचं झाड नाही आणि कधी नव्हतंही. मी नागपुरातल्या एका जुन्या चर्चच्या कब्रस्तानाचा दरवाजा आहे. खाली सागवानी खांब, वर कौलारू छप्पर. माझ्या तुळईवर ‘लिचगेट’ असं कोरलंय. ते वाचून जो तो विचारतो, लिची कुठाय? आता कळमन्याच्या फळबाजारात जाऊन विचारा म्हणावं!

‘लिच’ हा फार जुना परदेशी शब्द. त्याचा अर्थ मेलेल्या माणसाचं शरीर. माझ्या छपराखाली मधोमध एक लांब, बसकट दगड होता. खांद्यावरून आणलेली शवपेटी त्यावर टेकवायची, खांदेकऱ्यांनी घाम पुसायचा आणि पाळकसाहेबांनी पहिली प्रार्थना इथंच म्हणायची. मग झाकण उघडून घरच्यांनी शेवटचं तोंड पाहायचं. त्यानंतर झाकणाला खिळे ठोकले की संपलं. शेजारचे हिंदू लोक तिरडी वाटेत जिथं टेकवतात त्या जागेला विसावा म्हणतात. आमच्या लोकांनी तेच नाव मला दिलं. इंग्रजी नाव लाकडावर राहिलं, तोंडी मात्र विसावाच.

किती आया त्या दगडाला कवटाळून रडल्या! तिथं कोणी कोणाला ‘चला, उठा’ म्हणत नसे. उन्हाळ्यात लोक डोक्याला दुपट्टे बांधून माझ्या सावलीत उभे राहत, पण थांबत. मला त्याचा अभिमान होता.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले रुपराव माझ्या खांबांना हौसेनं तेल लावत. लावता लावता म्हणत, “विसाव्या, माही पाळी आली का मले नीट झोपू देजो गा.”

त्यांची बायको जयाबाई लगेच खेकसायची, “काही बी बोलता बाप्पा तुमी!”

मग दोघंही हसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकमेकांशिवाय त्यांचं पान हलत नसे.

जुनी माणसं एकेक करून माझ्याखालूनच गेली. चर्चच्या समितीत हर्षित नावाचा नवा सेक्रेटरी आला. पोरगा मनानं वाईट नाही, धडपड्या आहे. नवी शववाहिनी आली तेव्हा माझा दगड तिच्या आड येऊ लागला. हर्षितनं तुळईवरचं नाव वाचलं आणि बैठकीत सांगितलं, “पहिले इथं लिचीची बाग असंन. लोकं बसत असतीन या बाकावर. आता कोण बसते? काढून टाकू, गाडी थेट आत जाईन.”

बाक म्हणे! मला तोंड असतं तर ओरडलो असतो. ज्यांना ठाऊक होतं त्या जयाबाई तेव्हा दवाखान्यात रुपरावांच्या उशाशी बसल्या होत्या. पाळकसाहेबही नवेच होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दगड फोडला.

आणि मे महिन्यात रुपराव गेले. जयाबाई घरून पोचेपर्यंत दवाखान्यात त्यांना गुंडाळून ठेवलं होतं. जयाबाईंचे गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, “मी विसाव्यावरच तोंड पाहीन,” आणि आटोनं येऊन माझ्या सावलीत उभ्या राहिल्या. दगड नाही हे पाहून चपापल्या, पण त्यांना वाटलं, गाडी तरी थांबेलच.

गाडी थांबली नाही. जयाबाईंनी दोन्ही हात वर केले. चालकाला वाटलं, म्हातारी शेवटचा नमस्कार करतेय. त्यानं मान लववली आणि गाडी कब्रस्तानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली.

“थांबा ना गा! माह्या माणसाचं तोंड पाहाचं राह्यलं!”

एवढ्या लांबून कोणाला ऐकू जाणार? तिकडे हर्षितनं विचारलं, “काकूंचं पाहून झालं ना?” कोणीतरी म्हणालं, “हाव, दवाखान्यात पाह्यलं असंन.” ऊन रणरणत होतं, सगळ्यांना घाई होती. खिळे ठोकल्याचा आवाज मला इथवर आला. जयाबाई काठी टेकत, धापा टाकत चालल्या होत्या. त्या पोचल्या तेव्हा पेटीवर माती पडली होती.

संध्याकाळी त्या माझ्यापाशी परत आल्या आणि दगड होता त्या जागी खाली मातीतच बसल्या. हर्षित आला. त्याचे डोळे सुजले होते.

“काकू, मला खरंच तो बाक वाटला.”

जयाबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, “विचाराचं ना बाबू. मले नुसतं विचाराचं होतं.”

मित्रांनो, जुन्या वस्तूचं नाव कळलं नाही तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. पण तिला हात लावायच्या आधी कोणाला तरी विचारा. हर्षित आता नवा दगड बसवणार आहे. पाळकसाहेबांनीही होकार दिलाय. दगड बसेल हो. जयाबाईंना रुपरावांचं तोंड कोण दाखवणार?